दोन लाख आहेत. रोड बाईक घेऊ की ट्राय बाईक?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी ३४ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. चार वर्षं हायब्रिड सायकल चालवतोय. रविवारी ग्रुपबरोबर पन्हाळा नाहीतर जोतिबा, कधी गगनबावड्याच्या रस्त्याला कळे-साळवणपर्यंत. पोहायला लहानपणी पंचगंगेतच शिकलो, आता राजाराम तलावात सराव चालू आहे. पुढच्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग, करायचीच असं ठरवलंय. सायकलीसाठी दोन लाख बाजूला काढलेत. त्याच्या वर एक रुपया जाणार नाही.

ग्रुपमधले दोघे-तिघे म्हणतात, ट्रायथलॉन करणार तर ट्राय बाईकच घे, रोड बाईक घेतलीस तर वर्षभरात परत खर्चात पडशील. पुण्यात एकांची कार्बनची ट्राय बाईक विकायची आहे. दहा वर्षं जुनी, पण फार चालवलेली नाही. एक लाख साठ हजार सांगतायत. फोटोत एकदम नाद खुळा दिसते. त्यांची उंची पाच फूट दहा इंच, माझी पाच सहा. ते म्हणतात, सीट खाली घेतली की झालं.

मिसेसचं म्हणणं वेगळंच. ती म्हणते, कुठलीही घ्या, पण स्पर्धा झाल्यावर भिंतीला टांगून ठेवणार असाल तर घेऊच नका.

काय करू?

उत्तर

नमस्कार.

रोड बाईक घ्या. नवी घ्या, तुमच्या मापाची घ्या, आणि दोन लाख सगळे एकट्या सायकलीवर घालू नका. पुण्याची सायकल सोडून द्या. आता कारणं सांगते, कारण एवढ्या कष्टाने साठवलेले पैसे कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून खर्च करू नयेत, माझ्याही नाही.

तुमच्या मित्रांच्या बोलण्यात तथ्य आहे. तुम्ही ज्या स्पर्धेला निघालाय तिच्यासाठीच ट्राय बाईक बनलेली असते. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, अशी ती हाफ. यातली सायकल प्रत्येकाने एकट्याने ओढायची. पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा, म्हणजे ड्राफ्टिंग करायचं, हे तिथे हौशी गटात चालत नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं, त्याच्या आत शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे निघून जायचं, नाहीतर दंडाच्या तंबूत मिनिटं मोजत थांबायचं. ऑलिंपिकची गोष्ट वेगळी. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली तेव्हापासून तिथे ड्राफ्टिंगला परवानगी आहे. म्हणून ते खेळाडू तुम्हाला घोळक्याने, खाली वळलेल्या ड्रॉप हँडलच्या रोड बाईकवर दिसतात. जगातले सगळ्यात वेगवान ट्रायथलीट रोड बाईक चालवतात मग मी का नको, असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. उत्तर त्या नियमात आहे.

तर आडोसा मिळणार नाही, समोरचा सगळा वारा आपण एकट्याने कापायचा. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने जाताना पायातली बहुतेक ताकद वारा बाजूला सारण्यातच जाते. त्यात हा वारा फार कठोर हिशेब करतो. ३० चा वेग ३३ करायचा म्हटलं, म्हणजे फक्त दहा टक्के वाढवायचा, तरी वाऱ्यासाठी लागणारी ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. आणि वाऱ्याला अडवतं कोण? सायकल थोडी, आपलं अंग जास्त. ढोबळमानाने तीन चतुर्थांश अडवणूक स्वाराच्या शरीराची असते. ट्राय बाईकची सगळी रचना हे शरीर लहान आणि अरुंद करण्यासाठी केलेली असते. कोपरं आत, हात पुढे एरोबारवर, म्हणजे हँडलच्या पुढे आलेल्या दांड्यांवर, पाठ आडवी. एवढं वाकल्यावर मांडी पोटाला लागू नये म्हणून सीटची नळी रोड बाईकपेक्षा उभी ठेवतात. रोड बाईकला हा कोन ७२ ते ७४ अंशांचा असतो, ट्राय बाईकला ७६ ते ८०. त्यामुळे बसणारा पेडलच्या बरोबर वर, पुढे सरकून बसतो आणि वाकूनही कमरेला मोकळीक राहते. सायकलवरून उतरून लगेच २१ किलोमीटर पळायचं असतं, तेव्हा या मोकळेपणाचा उपयोग होतो असा अनेकांचा अनुभव आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग ट्राय बाईकच बरी. थांबा.

फ्रान्समधल्या टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीचा १९८९ चा किस्सा तुम्ही कदाचित ऐकला असेल. शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकेकट्याची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. एवढ्या कमी अंतरात ते भरून निघणं अशक्यच, असं सगळे धरून चालले होते. लेमाँडने सायकलीच्या हँडलवर पुढे झेपावणारे एरोबार लावले होते. ट्रायथलॉनवाले ते आधीपासून वापरत होते, रोड रेसवाल्यांना अजून त्यांची फारशी सवय नव्हती. फिन्यों साध्या हँडलवर, डोक्याला हेल्मेट नाही, मागे बांधलेले लांब केस वाऱ्यावर. लेमाँडने ५८ सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची, तीन हजारांहून जास्त किलोमीटरची टूर ८ सेकंदांनी जिंकली. सगळं श्रेय त्या नळ्यांना देता येत नाही, पाय लेमाँडचेच होते. पण तुमच्या प्रश्नातली मुख्य गोष्ट त्यात आहे: फायद्याचा मोठा वाटा बसण्यातून मिळतो, आणि ते बसणं बऱ्याच अंशी रोड बाईकवर जमवता येतं.

मी कागदावर एक ढोबळ हिशेब केला. सपाट रस्ता, वारा पडलेला, तुमच्यासारखा मध्यम अंगाचा माणूस. रोड बाईकच्या हुडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर, हात ठेवून तो ताशी ३० ने चालला तर ९० किलोमीटरला ३ तास लागतात. त्याच ताकदीत, त्याच सायकलवर, क्लिप-ऑन, म्हणजे आहे त्याच हँडलवर आवळून बसवायचे, एरोबार लावून नीट बसला तर साधारण १० मिनिटं वाचतात. पुढे अस्सल ट्राय बाईकवर, तितक्याच ताकदीत, आणखी पाचेक मिनिटं. प्रत्येकाचं शरीर वेगळं, त्यामुळे आकडे पुढेमागे होतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं. पहिली दहा मिनिटं काही हजारांत मिळतात. पुढच्या पाचांसाठी आख्खी सायकल बदलावी लागते. आणि ही सगळी मिनिटं त्यालाच मिळतात जो तीन तास मान न वर करता त्या अवस्थेत राहू शकतो. दर दहा मिनिटांनी पाठ दुखते म्हणून उठून बसणाऱ्याला तीन लाखांची फ्रेमसुद्धा काही देत नाही. पहिली हाफ करणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. साडेआठ तासांच्या मुदतीत आनंदाने पोचणं हे तुमचं पहिलं उद्दिष्ट असेल, तर या पाच मिनिटांचा विचार आत्ता मनातून काढून टाका.

आता कोल्हापूरचं बोलू, कारण माझा खरा आग्रह तिथेच आहे. सायकल तुम्ही गोव्यात एक दिवस चालवणार, इकडे वर्षभर.

गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला असते. तिथून महिने मागे मोजत या. सगळ्यात जड सराव जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरात येतो, म्हणजे आपल्याकडचा ऐन पाऊस. गगनबावड्याचा रस्ता तुम्हाला मी काय सांगू? मांडुकलीला पाणी आलं की रस्ताच बंद. पन्हाळ्याकडे जाताना केर्लीला तीच तऱ्हा. आणि रस्ता चालू असतो तेव्हाही ओला असतो, खड्डे पाण्याखाली लपलेले असतात, समोरून पश्चिमेचा वारा. अशा रस्त्यावर अरुंद टायर, पुढे झुकलेलं वजन आणि ब्रेकपासून लांब असलेले हात, ही जुळणी मला मुळीच नको वाटते. ब्रेकचं नीट समजून घ्या. ट्राय बाईकला गिअर एरोबारच्या टोकाला असतात, पण ब्रेक असतात बाजूच्या रुंद हँडलवर. एरोबारवर असताना ब्रेक दाबायचा तर आधी हात उचलून तिकडे न्यायचा. ताशी ३२ च्या वेगात एका सेकंदात तुम्ही जवळजवळ नऊ मीटर पुढे गेलेले असता.

स्पर्धा संपते तोवर गाळप हंगाम सुरू झालेला असतो. तेव्हाचा आपला रस्ता बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर फडातून कच्च्या वाटेने वर येतो, मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि पुढची चाकं डांबरीवर चढली तरी मागची ट्रॉली अजून शेतातच असते. तो वळण पूर्ण करेपर्यंत रस्त्याची दोन्ही अंगं अडलेली. त्याच्या चाकांना लागून आलेली ओली माती डांबरीवर ढेकळांनी पडते, ट्रॉलीतून निसटलेली एखादी कांडी आडवी पडलेली असते, वर उसाच्या वाड्याची पानं पसरलेली. पानावरून पुढचं चाक कसं सरकतं हे हंगामात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा वेळी बोटं ब्रेकवरच हवीत. ड्रॉप हँडलच्या हुडवर ती आपोआप असतात.

एरोबारवर सलग बसून सराव करायला लांब, सरळ, सपाट आणि मोकळा रस्ता लागतो. आपल्याकडे तसा रस्ता म्हणजे बंगळूर महामार्ग, आणि तिथे ट्रक, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि मध्येच संपणारे सेवा रस्ते. पहाटे काही जण कागल-निपाणीकडे जातात, मला माहीत आहे. पण खाली मान घालून, रस्त्याकडे तिरपं बघत जाण्याची ती जागा नव्हे. घरच्यांनी काळजी करावी असाच तो रस्ता आहे.

तुमच्या रविवारच्या ग्रुपचाही विचार करा. घोळक्यात कोणी एरोबारवर हात ठेवून दुसऱ्याच्या चाकामागे चालू लागला तर बाकीच्यांच्या जिवाला घोर. शहाण्या ग्रुपमध्ये हे चालवून घेत नाहीत आणि घेऊही नये. म्हणजे ट्राय बाईक घेतलीत की एकतर मित्रांच्या मागे अंतर ठेवून एकटे चालाल, नाहीतर रुंद हँडल धरून, अवघडून. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे. वाघबीळनंतर उठून पेडल मारायला, कमरेतून झुलायला रोड बाईकचं हँडल किती सोयीचं पडतं हे पहिल्याच चढणीला कळेल. आणि येताना वळणावळणाचा उतार, बाजूला वानरं, समोरून पर्यटकांच्या गाड्या. त्या उतारावर मी कुणालाही ट्राय बाईक घेऊन जा म्हणणार नाही.

पुण्याच्या सायकलीबद्दल. विकणारे गृहस्थ प्रामाणिक असतील, सायकलही जपलेली असेल. तरी तुमच्यासाठी ती चुकीची आहे. पाच दहाच्या माणसाची फ्रेम पाच सहाच्या माणसाला सीट खाली घेऊन बसत नाही. सीट खाली घेतल्याने पाय पेडलला पोचतील. हात कुठे पोचणार? फ्रेमची उंची आणि पुढची लांबी, ज्याला सायकलवाले स्टॅक आणि रीच म्हणतात, ती बदलत नाही. रोड बाईकला रीच जरा जास्त झाला तर आखूड स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, लावून थोडंफार निभावतं. त्या काळातल्या कित्येक ट्राय बाईकचे स्टेम, सीटपोस्ट, हँडल कंपनीने त्या मॉडेलपुरतेच बनवलेले असतात. लहान मापाचा सुटा भाग दहा वर्षांनी शोधायचा कुठे? ब्रेकचं तेच. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक ट्राय बाईकना रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर दाबणारे ब्रेक आहेत, काहींचे तर वारा लागू नये म्हणून फ्रेमच्या आत किंवा पेडलच्या मागे लपवलेले. केबल फ्रेमच्या पोटातून गेलेली. ती बदलायला आपल्याकडचा मेकॅनिक, कितीही हुशार असला, तरी अर्धा दिवस घालवेल. कार्बनची रिम असेल तर पावसात तिच्यावर ब्रेक उशिरा धरतो. तुमचा सराव पावसातला आहे हे वर सांगितलंच. शिवाय जुन्या कार्बनला आतून तडा असेल तर तो फोटोत दिसत नाही. एक लाख साठ हजार देऊन हातात उरणारे चाळीस हजार हेल्मेट, शूज, पेडल आणि टायरमध्येच जातील.

मग दोन लाखांचं काय करायचं ते सांगते.

सायकलीला एक लाख वीस ते चाळीसच्या दरम्यान ठेवा. ॲल्युमिनियमची चांगली फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, डिस्क ब्रेक, शिमानो कंपनीचे टियाग्रा किंवा १०५ या मालिकेतले गिअर. कार्बन फ्रेमच्या नादी लागून खालच्या दर्जाचे गिअर-ब्रेक घेऊ नका. पुढे कॉम्पॅक्ट म्हणजे ५०-३४ चं चक्र आणि मागे मोठं दातेचक्र ३२ किंवा ३४ चं आहे ना ते दुकानात विचारा. जोतिबाच्या चढाला तेच कामाला येतं. फ्रेममध्ये निदान २८ मिलिमीटरचा टायर बसायला हवा, ३२ बसला तर उत्तम. त्यात हवा १२० ची भरायची जुनी सवय कुणी लावली असेल तर सोडा; तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुरे. सायकल कमी उडते, हात कमी दुखतात.

हँडलकडे लक्ष द्या, कारण पुढे त्यावर एरोबार चढवायचे आहेत. स्टेमजवळचा भाग गोल हवा. हल्ली वारा कापायला हँडलचा वरचा भाग चपटा करतात, त्यावर क्लिप-ऑन बसत नाहीत. आणि कार्बनचं हँडल असेल तर कंपनीने क्लिप-ऑनला परवानगी दिली आहे का ते छापील माहितीत बघितल्याशिवाय नट आवळू नका. ॲल्युमिनियमच्या गोल हँडलला हा प्रश्न नाही.

दुकानात जाण्याआधी घरी एक माप घ्या. चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये सहा इंचांचं अंतर. एक जाडसर पुस्तक उभं धरून मांड्यांमध्ये वर सरकवा, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका येईपर्यंत. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मिसेसना मोजायला सांगा, सेंटीमीटरमध्ये. हे आणि एकूण उंची, दोन्ही आकडे घेऊन जा. पाच सहाला एका कंपनीचा एम बसेल, दुसऱ्या कंपनीचा एस. स्टिकरवर जाऊ नका, स्टॅक-रीचचा तक्ता मागा. दुकानदार म्हणाला की तुमच्या मापाची नाही पण ही आहे, लगेच मिळेल, तर महिनाभर थांबा. मापाची येईपर्यंत हायब्रिड चालवा, काही बिघडत नाही.

सायकल आल्यावर बाईक फिट, म्हणजे तुमच्या अंगाच्या मापाने सायकलची जुळणी, करून घ्या, त्यासाठी पैसे बाजूला ठेवा. पुण्याला जावं लागलं तरी जा. हा खर्च सगळ्यांना वायफळ वाटतो, आणि गुडघा दुखायला लागल्यावर मग सगळे तिकडेच जातात. एरोबार पुढे लावणार आहे हे फिट करणाऱ्याला आधीच सांगा.

उरलेल्यात एक साधा ट्रेनर घ्या, मागचं चाक टेकवून चालवायचा. पावसाळ्यातला तुमचा खरा सराव त्याच्यावर होणार आहे. एरोबारची सवय करायची जागाही तीच. घरात पंखा लावून, अंगावर पाणी ओतल्यासारखा घाम गाळत, आधी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. रस्त्यावर न जाता, कुणाचा जीव धोक्यात न घालता मान आणि पाठ तयार होते. शेजारी खाली राहत असतील तर ट्रेनरखाली जाड रबरी मॅट घाला. पहाटे पाचला तो आवाज खालच्या छतातून जातो.

क्लिप-ऑन पहिल्या दिवशी लावू नका. पहिले तीन महिने नुसती रोड बाईक चालवा, ड्रॉप धरून उतार घ्या, तिचा अंदाज येऊ द्या. मग क्लिप-ऑन घ्या, महागातले नकोत, पण कोपराच्या गाद्या पुढेमागे आणि आतबाहेर सरकवता येतील असे घ्या. लावल्यावर सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते, नाहीतर गुडघे छातीला लागतात. फार पुढे नेलीत तर पुढच्या चाकावर वजन येऊन उतारावर सायकल अस्थिर होते. म्हणून रोडची आणि एरोची अशा सीटच्या दोन जागा सीटपोस्टवर आणि सीटखालच्या रेलवर टेपने खूण करून ठेवा. रविवारी पन्हाळ्याला जाताना एरोबार काढायचे. ॲलन कीने पाच मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

ट्राय बाईक कधी घ्यावी, हेही सांगते. एक हाफ झाली, दुसरीही झाली, तुम्हाला वेळ कमी करायचा आहे, एरोबारवर तासन्‌तास बसणं अंगवळणी पडलंय, आणि घरात रोड बाईक आहेच. मग दुसरी सायकल म्हणून जरूर घ्या, मला आनंद होईल. तोवर तुम्हाला स्वतःचं मापही नेमकं कळलेलं असेल. वर्षभरात परत खर्च होईल या मित्रांच्या भीतीला माझं उत्तर एवढंच की तो खर्च झालाच तरी रोड बाईक वाया जात नाही. ट्राय बाईकवाल्यांच्या घरातही बहुतेक वेळा एक रोड बाईक असतेच, रोज चालवायला.

मिसेसचा प्रश्न मला तुमच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटला. सायकल भिंतीला टांगली जाते ती आळसाने कमी आणि निरुपयोगी झाल्याने जास्त. स्पर्धेपुरती सायकल स्पर्धेनंतर टांगलीच जाते. रोड बाईकवर डिसेंबरात राधानगरीला जाल, गारठ्यात गगनबावड्याला जाल, मुलगी-मुलगा असेल तर त्यांच्या छोट्या सायकलीबरोबर रंकाळ्याभोवती हळूहळूही फिराल. त्यांना एवढं सांगा, आणि सरावाचे कोणते दिवस, किती ते किती, हे दोघांनी बसून आधीच ठरवा. शनिवार-रविवार दोन्ही सकाळी तुम्ही घराबाहेर असणार आणि आल्यावर झोपणार, हे घरातल्या माणसाला आठ महिने सोसायचं असतं. त्यातली एक सकाळ ट्रेनरवर घरीच केलीत तर मला वाटतं त्यांचा विरोध राहणार नाही.

जाता जाता गोव्याबद्दल एक-दोन गोष्टी. मिरामारच्या समुद्रात पंचगंगेचा अनुभव कामाला येईल, पण लाटा आणि खारं पाणी यांची सवय आधी एकदा तरी करून घ्या. सायकलवर दोन बाटल्यांची सोय हवी, तिथला दमटपणा आपल्याकडच्या हवेला सरावलेल्या माणसाला जड जातो. स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत सीट, हँडल, क्लीट (शूजखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) यांतलं काहीही हलवायचं नाही, कुणी कितीही चांगला सल्ला दिला तरी. आणि गाडीतून न्यायला चाकं काढणार असाल तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये आधी पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा घाला. घाटात कुणाचा हात लिव्हरवर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पणजीत पोचल्यावर चाक बसत नाही.